हँडलमधला खळगा

मोटरसायकलबद्दलची शंका नेहमी आदल्या रात्री येते. महिनोन्महिने गाडी ऑफिसला, मंडईला, दवाखान्यात निमूट हिंडत असते, तेव्हा तिच्या कुठल्याच आवाजाकडे आपलं लक्ष नसतं. उद्या पहाटे घाट उतरायचा ठरला, की माणूस जेवण झाल्यावर टॉर्च घेऊन पार्किंगमध्ये जातो आणि हवा बघायच्या निमित्ताने नको तिथे हात लावतो. माझा हात हँडलला लागला. गाडी मेन स्टँडवर होती. मागच्या सीटवर वजन टाकून पुढचं चाक उचललं आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे सोडलं. ते आपसूक घरंगळत टोकाला जायला हवं. ते बरोबर मध्यावर आलं आणि थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा तिथेच.

ही लक्षणं कोन सेटची. हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्या वर आणि खाली एकेक वाटी असते, वाटीत छर्रे असतात. गाडीचा जन्म बहुतेक सरळ जाण्यातच जातो, त्यामुळे खड्ड्यांचे सगळे दणके छर्रे एकाच जागी बसून सोसतात. हळूहळू वाटीत खळगे पडतात. मग हँडल सरळ आलं की प्रत्येक छर्रा आपापल्या खळग्यात बसतो आणि तिथून उठायला कुरकुर करतो. आपल्याला वाटतं दुचाकी सरळ जाते. खरं तर ती सारखी जराशी डावीकडे, जराशी उजवीकडे पडत आणि सावरत जात असते, हँडलच्या केसभर हालचालींवर. त्याच हालचाली अडखळल्या की गाडी हळू चालवताना उगाच डुलायला लागते. चालवणाऱ्याला वाटतं, आज आपलंच लक्ष नाही.

रस्ता होता कराडहून चिपळूण आणि पुढे गुहागर. पाटणपर्यंत काही प्रश्न नव्हता, कोयनानगरपर्यंतही नव्हता. हेळवाक सोडल्यावर कुंभार्ली घाट लागतो आणि थेट पोफळीपर्यंत उतार. प्रश्न तिथला होता.

रात्रीच मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, ‘काय हुत नाही काका, चालवा बिनधास्त. पुढच्या सर्व्हिसिंगला टाकू नवीन.’ त्याचं चुकत नव्हतं. कराडात फिरणाऱ्या निम्म्या जुन्या गाड्यांची हँडलं अशीच मध्ये बसत असतील आणि त्यांचे मालक सुखाने दूध आणत असतील. पण मेकॅनिकला गाडीबद्दल विचारलं की तो गाडीबद्दलच सांगतो. घाट, पाऊस, मागे बसलेलं माणूस, उतारावर समोरून येणारी एसटी हे त्याच्या उत्तरात कसं येणार?

माझ्या मते गाडीतले दोष दोन जातींचे असतात. काही अडवतात, काही पाडतात. प्लग गेला, बॅटरी बसली, कार्ब्युरेटरमध्ये कचरा आला, तर गाडी बंद पडते; आपण ढकलत जवळच्या टपरीपर्यंत जातो, चहा पितो, घरी फोन करून खोटं सांगतो. क्लच केबल याच जातीतली. तिच्या तारा लिव्हरच्या टोकाशी, शिशाच्या गोळीजवळ, एकेक करून तुटतात आणि दोन-तीन तारा गेल्या की क्लच जड लागून ती तसं सांगतेही. म्हणून लांब जाणारी माणसं जुन्या केबलच्या शेजारून नवीन केबल आधीच ओढून, टेपने बांधून ठेवतात. कोल्हापूरच्या आमच्या काकांना तर तेवढीही फिकीर नव्हती. त्यांच्याकडे येझदी होती. तिचा किक मारायचा आणि गिअर टाकायचा दांडा एकच, आणि तो दाबला की क्लच आपोआप सुटायचा. केबल तुटली तरी गिअर पडत. मलकापूरला तुटलेली केबल खिशात घालून ते कोल्हापूरला आले आणि पुढचे कितीतरी दिवस ती त्यांनी बदलली नाही. विचारलं तर म्हणायचे, ‘हाताला जरा आराम.’ म्हैसूरचा तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला. काका त्यानंतरही बरीच वर्षं त्याच दांड्यावर निभावत होते.

पाडणारे दोष मात्र वेगळे. पुढच्या टायरच्या बगलेला गेलेली चीर. लायनर संपत आलेला ड्रम ब्रेक, जो गावात नीट लागतो आणि लांब उतारावर तापला की हातातला जोर खाऊन टाकतो. डिस्क ब्रेक असेल तर वर्षानुवर्षं न बदललेलं ब्रेक ऑइल: ते हवेतलं पाणी ओढून घेतं, घाटात तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर पार मुठीपर्यंत येतं. यातला एकही दोष पार्किंगमध्ये आपला खरा रंग दाखवत नाही. त्याला उतार लागतो.

चेन या दोन्ही जातींत मोडते. तुटून रस्त्यावर पडली तर अडवते. तुटून स्प्रॉकेटपाशी, म्हणजे तिच्या दातेरी चक्रापाशी, गोळा झाली तर मागचं चाक जाम करते. आणि ती सगळी असते तिची दोन टोकं जोडणाऱ्या एका नखाएवढ्या लॉकवर. त्या लॉकचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते तिकडे असावं लागतं, उघडं टोक मागे. उलटं बसवलेलं लॉकही चालत राहतं, हीच त्यातली वाईट गोष्ट.

कोन सेट कुठल्या जातीतला? इथेच माझी रात्र गेली. तो अचानक तुटत नाही, हे त्याच्या बाजूने. वर्षभर आधीपासून सांगत असतो. पण उतारावर ब्रेक दाबला की गाडीचं बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, आणि नेमका तिथेच, वळण घेताना, हँडल मोकळं हवं असतं. दोष तोच, वाट बदलली की त्याची जात बदलते. माझी गाडी जुनी. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल 2019 मध्ये. माझी त्याच्या बरीच आधीची. तिचं पुढचं चाक ओल्या रस्त्यावर घसरायला लागलं तर सावरायला हँडलशिवाय काही नाही.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती कोन सेटपेक्षा महत्त्वाची आहे. गुहागरला मला जायचं होतं. मित्राचं घर समुद्राला लागून, त्याने सुरमई सांगून ठेवलेली. अशा वेळी मनातला वकील जागा होतो. टकटक आवाज येतोय? टॅपेटचा असेल, थोडा आवाज असलेलाच बरा. हँडल बसतंय? कालही बसत असेल, काल काय झालं? हेच हँडल सासुरवाडीच्या वास्तुशांतीच्या आदल्या रात्री बसलं असतं, तर मी बायकोला बोलावून, टॉर्च दाखवून, गंभीर चेहऱ्याने सगळं समजावलं असतं. तेव्हा आवाजही टॅपेटचा नसतो, टायमिंग चेनचा असतो आणि ‘इंजिनच उघडावं लागेल बहुतेक’ असतो.

‘काल चालली, आज चालेल’ हा तर वकिलाचा हुकमी मुद्दा. केबलच्या दहा तारांपैकी सहा तुटल्या, क्लच जड झाला, तरी गाडी चालतच राहते. सातवी तुटल्यावरही बहुधा चालेल. दर खेपेला सुखरूप घरी आलं की आपण त्या तुटलेल्या तारांना हजेरीचं सर्टिफिकेट देतो आणि पुढच्या खेपेला त्याच बळावर निघतो.

एकटाच जाणार असतो तर निघालो असतो, हे कबूल. हळू, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, इंजिनलाच ब्रेक धरायला लावून पोफळीला उतरलो असतो. पण मागे मुलगी येणार होती. मागे बसणाऱ्याचं एक विचित्र असतं. त्याला डोंगर दिसतो, धुकं दिसतं, माकडं दिसतात. हँडल अडखळतंय ते फक्त पुढच्याच्या तळहाताला कळतं. म्हणजे धोका दोघांचा आणि माहिती एकाची. तिला विचारावं म्हटलं तर ती काय सांगणार? ‘बाबा, तुम्ही आहात ना’ असं म्हणाली असती, आणि ते ऐकून निघणं मला जमलं नसतं. न सांगता निघणं त्याहून जमलं नसतं.

बायकोने एका वाक्यात निकाल लावला, ‘अहो, एसटीने जा ना दोघं.’ एवढं सरळ उत्तर असलं की मोटरसायकलवाल्याला राग येतो. एसटीने जाणं म्हणजे जाणं नव्हे, असं काहीतरी मी पुटपुटलो. शेवटी मित्राला ‘दुपारपर्यंत पोचतो’ असा मेसेज टाकला आणि सकाळी मेकॅनिकच्या शटरपाशी त्याच्या आधी जाऊन उभा राहिलो.

त्याने हेडलाइट सोडवला, हँडल उतरवलं, पुढचं चाक धरणारा चिमटा काढून खालची वाटी ठोकून बाहेर काढली आणि फडक्याने पुसून माझ्या हातात दिली. छर्रे जिथे जिथे बसायचे तिथे तिथे गोल खळगे, ओळीने. नख फिरवलं तर प्रत्येकात अडकत होतं. मी विचारलं, ‘अशी अजून किती चालली असती?’

‘चालली असती की वर्षभर,’ तो नव्या वाटीला ग्रीस भरत म्हणाला. मग वाकून मागे बघत, ‘काका, ह्या चेनचं लॉक कुणी बसवलंय हो?’