बॅच प्लॉटमध्ये रेषा फिक्या का येतात?

एकेक शीट काढली की छान, आणि ऑटोकॅड या ड्रॉइंग सॉफ्टवेअरच्या पब्लिशमधून, म्हणजे अनेक शीट एकदम छापणाऱ्या कमांडमधून, सगळा सेट काढला की चार शीट फिक्या. अशा वेळी प्लॉटरचं हेड साफ करायला धावू नका. पब्लिश प्रत्येक लेआउटचं (छापायच्या पानाचं) स्वतःचं सेव्ह केलेलं पेज सेटअप, म्हणजे छपाईच्या सेटिंग्ज, वापरतं. दोष बहुधा तिथेच असतो.

फिक्या शीटचं पेज सेटअप उघडा. प्लॉट स्टाइलमध्ये मोनोक्रोम.सीटीबी (रंगीत रेषा काळ्या छापणारी सीटीबी फाइल) आहे का? ती ‘नन’ असेल तर पिवळी रेषा पिवळीच छापली जाते, पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसत नाही. सीटीबी बरोबर असूनही एखादी भिंत करडी आली तर लेयरचा रंग तपासा. सीटीबी फक्त 1 ते 255 हे इंडेक्स (क्रमांकाचे) रंग ओळखते, ट्रू कलर (आरजीबी मूल्यांनी दिलेला रंग) तसाच छापला जातो. कन्सल्टंटकडून आलेल्या एक्सरेफमध्ये (आपल्या ड्रॉइंगला जोडलेल्या बाहेरच्या ड्रॉइंगमध्ये) हे हमखास सापडतं.

रेषा दाणेदार दिसतात? ‘प्लॉट ट्रान्सपरन्सी’ची खूण काढा. ती चालू असली की शीट रास्टर होते, म्हणजे रेषांऐवजी ठिपक्यांचं चित्र म्हणून छापली जाते, आणि प्लॉटिंगही रेंगाळतं.

शेवटी एक नीट पेज सेटअप नाव देऊन सेव्ह करा आणि पब्लिशच्या यादीत सगळ्या शीट निवडून तेच लावा.