पेट्रिनोवरून आज जाम वाद झाला

आज दिवसभर मित्रांशी बॉबी पेट्रिनोवरून वाद चालू होता, त्याला नोकरीवरून काढलं ते बरोबर की चूक. अमेरिकेत आर्कान्सॉ युनिव्हर्सिटीचा तेव्हाचा अमेरिकन फुटबॉलचा कोच, २०११ च्या सीझनला ११ मॅच जिंकल्या, २ च हरला, फॅन्सच्या गळ्यातला ताईत. १ एप्रिल २०१२ ला बाईकवरून पडला. अपघातात दुसरं कुणी नव्हतं असं सांगून टाकलं आणि दोनच दिवसांत गळ्याला पट्टा, सोललेला चेहरा घेऊन प्रेससमोर उभा, तिथेही गप्प. मग पोलिस रिपोर्ट आला, मागे एक तरुणी बसलेली, जिला त्यानेच टीमच्या स्टाफमध्ये नोकरी दिलेली, अफेअर चालू.

एक मित्र म्हणे घरचा मामला आहे, बायको बघून घेईल, आपल्याला जिंकण्याशी मतलब. मला अजिबात नाही पटलं!! अफेअर त्याच्या घरचं, मान्य, पण नोकरी युनिव्हर्सिटीची ना, आणि त्याच जागेसाठी बाकीच्यांनीपण अर्ज केलेले, त्यांचं काय? शिवाय बॉसला अंधारात ठेवलं. बॉस म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचा तेव्हाचा प्रमुख जेफ लाँग, १० एप्रिलला पेट्रिनोला काढताना लाँगचा आवाज दाटून आलेला, एवढा जिंकणारा कोच घालवणं सोपं नसतं, तरी घालवला. मला लाँगबद्दल खूप आदर वाटतो. मित्र अजून ऐकत नाहीये, उद्या परत बोलणारे मी त्याच्याशी.