तुम्ही विचारलंत म्हणून : दुसऱ्यांचे देव घरात कसे ठेवता?

हा प्रश्न मला हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांनी विचारलाय, नणंदेच्या व्याह्यांनी विचारलाय आणि गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसानेही विचारलाय. हॉलमधलं जुन्या देवांच्या मूर्तींचं काचेचं कपाट दिसलं की पुढच्या पाच मिनिटांत तो येतोच. आजवर मी समोरचा माणूस बघून उत्तर देत आले. वयस्कर असतील तर "पूजा नाही करत हो, जपून ठेवलेत", तरुण असतील तर "अँटिक आहेत". दोन्ही खरं आहे आणि दोन्हींनी कुणाचं समाधान होत नाही, माझंही नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

काय घेत नाही ते आधी सांगते, कारण संशय तिथूनच सुरू होतो. जमिनीतून निघालेलं मी काही घेत नाही. नांगराला मूर्ती लागली, पाया खणताना हंडा निघाला, असे निरोप मला येतात आणि मी त्यांना तहसील कचेरीचा रस्ता दाखवते. गुप्तधनाचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांच्या पुढची मूर्ती घरात असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने तिची नोंदणी करावी लागते. माझ्याकडे अशा ज्या आहेत त्यांची केलेली आहे. बाकीचं जे आहे ते मोडीतून, म्हणजे भंगारात विकलेल्या जुन्या भांड्यांतून आलेलं: टाक (देवाची किंवा पूर्वजाची आकृती उठवलेले छोटे पत्रे), अन्नपूर्णा, रांगते बाळकृष्ण, समया धरलेल्या दीपलक्ष्म्या.

जमिनीतलं न घेण्यामागे कायद्याची भीती हे एकच कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात एका घराच्या जमिनीत कच्च्या मातीची झाकणाची डबी मिळाली. तिच्यासोबत एक स्त्रीमूर्ती, दुसरी बिनशिराची आणि एक बैल. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की देवी बैलावर बसते. तीन हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्याला कळली, कारण खणणाऱ्यांनी सगळं जागच्या जागी पाहिलं. त्यातली एकटी बाई कुणी खिशात घालून माझ्याकडे आणली असती तर ती मातीचा ढेकूळ ठरली असती. उलट नगर जिल्ह्यातलं दायमाबाद बघा. १९७४ साली झाडाची मुळं खणताना एका माणसाला ब्राँझचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा मिळाले. मिळून साठ किलोच्या वर वजन, आणि कारागिरी अशी की बघत राहावं. पण ते उत्खननाच्या थरातून आले नाहीत, म्हणून त्यांच्या काळावर अभ्यासकांत वाद झाला. आपल्या नाशकातच मातीच्या गढीवर १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी खणून थर मोजले, म्हणून हे गाव किती जुनं ते आज ठामपणे सांगता येतं. वस्तू कुठून आली हे हरवलं की निम्मी वस्तू गेली, असं मी मानते.

म्हणून माझी वही आहे. प्रत्येक मूर्तीचा क्रमांक, वजन, कुणाकडून आली, त्यानं कुठल्या गावचं सांगितलं, कधी. मला कुणी "देव गोळा करणारी बाई" म्हणालं की मी वही पुढे करायचे. देव नाही, नोंद गोळा करते, असं सांगायचे. या वाक्याचा मला अभिमान होता.

आता मोडीचं. भांडीबाजारात किंवा सराफात ज्यांची उठबस आहे त्यांना सांगायला नको. जुनं पितळ किलोवर जातं. तांब्या, परात, बंब, आणि त्याच पोत्यात देव. सर्वांत जास्त अन्नपूर्णा येतात, आणि त्याचं कारण साधं आहे. लग्नात प्रत्येक मुलगी माहेरून आपली अन्नपूर्णा आणते. आजेसासूची, सासूची, आपली, सुनेची. चौथ्या पिढीला देवघरात जागा उरत नाही. मग कुणाची तरी निघते, आणि जी बाई हयात नाही तिचीच निघते.

माझ्याकडची एक अन्नपूर्णा अंगठ्याएवढी आहे. हातात पळी, मांडी घातलेली. नाक, गुडघे आणि पळीची कड इतकी झिजली आहेत की चेहरा जवळपास उरलेला नाही. पण पाठीमागे वेणीच्या खाचेत हळद-कुंकवाचा काळपट थर घट्ट बसलाय. रोज चिंचेने घासणाऱ्या हाताने पुढूनच घासलं, मागे बोट पोचलं नाही. जुनी मूर्ती ओळखायची ती अशी. आम्लात बुडवून जुनी केलेली मूर्ती सगळीकडून सारखी खाल्लेली असते, खाचेतूनसुद्धा. वापराने झिजलेली उंचवट्यावर झिजते. मी ती पितांबरीने कधी घासली नाही, घासणारही नाही. तो थर कुणाच्या तरी पन्नास-साठ वर्षांच्या सकाळींचा आहे.

पूर्वी मी म्हणायचे, "मी नसते तर ती भट्टीत गेली असती." हे खरं आहे. पण पुढचंही खरं आहे: मी घ्यायला लागल्यावर दुकानदार देव बाजूला काढून ठेवू लागला, मोडीच्या दुप्पट भाव सांगू लागला, आणि देवांना भाव येतो हे घराघरांत कळलं. जे देव संकोचाने गोदेत सोडले गेले असते ते दुकानात आले असतील का? आले असतील. तरीही भट्टीपेक्षा माझं कपाट बरं, हे मी सोडणार नाही.

आणि मला भीती वाटत नाही असंही नाही. यजमानांची बायपास झाली तेव्हा भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाई कपाटाकडे बघत म्हणाल्या, "उपाशी देव घरात असले की असं होतं." त्या गेल्यावर मी कपाटासमोर दिवा लावला. श्रद्धेने नाही, भीतीने. यजमान बरे झाले, दिवा मी बंद केला, आणि बंद करतानाही हात अडखळला.

आता जे सांगायचं म्हणून हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

होळीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी बेल वाजली. दारात एक आजी, बरोबर कॉलेजातला नातू. मोडवाल्याने माझा पत्ता दिला होता. गावठाणातला त्यांचा वाडा पावसाळ्यापूर्वी रिकामा करावा लागला, सामान फ्लॅटमध्ये हलवताना पुतण्याने जुनी भांडी मोडीत दिली, आणि त्या भांड्यांत देवांचा डबा गेला. बाकीचे देव नवे करून घेतले. "पण वीर कसा नवा करणार?" आजी म्हणाल्या. "तो आमच्या घरातला माणूस आहे."

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की आमच्याकडे रंग रंगपंचमीला खेळतात. धुळवड वीरांची असते. घराण्यात लढताना किंवा अकाली गेलेल्या पुरुषाचा चांदीचा टाक लाल कापडात गुंडाळून वाजतगाजत गोदेवर नेतात, त्याला आंघोळ घालतात, नाचवतात. घरात वीर असून त्या दिवशी तो निघाला नाही, हे त्या घराला सोसत नाही.

मी आजींना बसवलं, पाणी दिलं आणि घोडेस्वारांचे सगळे टाक पांढऱ्या पंचावर मांडले. टाक ठशावर उठवतात. पातळ चांदीचा पत्रा, मागे तांबं. एकाच सोनाराच्या ठशातून शेकडो घरांचे वीर निघतात: तोच घोडा, तीच उगारलेली तलवार, तोच फेटा. तोवर मी वहीत पाहून ठेवलं होतं. त्यांचा डबा गेला त्या महिन्यात त्या मोडवाल्याकडून घेतलेला टाक एकच होता, जाड पत्र्याचा, वरचं टोक थोडं वाकलेला. तो मी त्यांच्या बाजूला सरकवला.

आजींनी तो उचललासुद्धा नाही. चष्मा पुसला, एकेक टाक तळहातावर घेऊन अंगठ्याने चाचपला, आणि कडेचा एक पातळ, घोड्याचा पाय पार पुसट झालेला टाक उचलून कपाळाला लावला. "हा."

मी म्हटलं, "आजी, हा येवल्याच्या एका सोनाराकडून घेतलाय. तुमचा डबा जाण्याच्या बराच आधी. हे बघा, वहीत लिहिलंय."

त्यांनी वहीकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. "ताई, वही तुमची. वीर आमचा."

नातू अवघडला. त्यानं फोनमध्ये जुने फोटो शोधले. धुळवडीच्या सगळ्या फोटोंत वीर कुंकवाने माखलेला, लाल कापडात. घोडा दिसत नव्हता. शेवटी मीच म्हटलं, "दोन्ही न्या. मनात शंका नको." मला वाटलं, हा मार्ग सगळ्यांना सुटसुटीत आहे.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दुसऱ्याचा वीर घरात नेऊन मी काय करू?"

त्यांना मला टोमणा मारायचा नव्हता, हे मी खात्रीने सांगते. त्या फक्त दुसऱ्या टाकाबद्दल बोलत होत्या. पण माझ्या हॉलमध्ये, माझ्या कपाटासमोर बसून कुणी हे इतक्या सरळपणे म्हणालं नव्हतं. तुमच्या सगळ्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. त्यांच्या प्रश्नाला नव्हतं, आजही नाही. पैसे मी घेतले नाहीत. त्यांनी एकशे एक रुपये पाण्याच्या भांड्याखाली ठेवले आणि पुसट पायाचा वीर पदरात बांधून गेल्या. दारापर्यंत त्या कपाटाकडे एकदाही वळल्या नाहीत. त्या धुळवडीला मी गोदाघाटावर गेले नाही.

त्यानंतर मी स्वतःशी खूप भांडले आहे. वही करणारी मी म्हणते, नोंद एका टाकाची आणि दिला दुसराच. येवल्याचं ते घर उद्या दारात आलं तर काय सांगशील? दुसरी मी म्हणते, वहीत आहे काय? मोडवाल्याचं तोंडचं. त्याच्याकडे चार घरांची पोती एकत्र ओतलेली असतात, सोनारही एकमेकांकडून चांदी घेतात. खणणाऱ्याने थर डोळ्यांनी पाहिलेला असतो. मी ऐकीव लिहिते. मग त्या आजींच्या अंगठ्याला पन्नास वर्षांची ओळख असेल तर ती नोंद माझ्या नोंदीपेक्षा कच्ची का? यावर पहिली उसळते: हवं ते ओळखीचं वाटतं माणसाला, मोडीत गेलेला वीर परत मिळावा म्हणून तळमळणाऱ्या बाईला तर वाटणारच. दोघींचंही मला पटतं.

"संग्रहालयाला देऊन टाका ना," असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह १९७५ मध्ये सरकारला दिला, म्हणून तो आज सगळ्यांना बघता येतो; त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण सरकारी रजिस्टरवर चढलेला टाक त्या आजींना अंगठ्याने चाचपून नेता आला असता का? आला नसता, आणि न येणंच बरोबर ठरलं असतं. माझ्याकडून तो नेता आला. हे माझ्या बाजूचं आहे की विरुद्धचं, तेही मला ठरवता येत नाही.

वाकलेल्या टोकाचा तो जाड टाक अजून माझ्याकडे आहे. वहीत त्याच्यापुढे मी लिहिलंय: "मोडवाल्याच्या सांगण्याप्रमाणे गावठाणातल्या वाड्याचा. त्या घरच्या आजींच्या म्हणण्याप्रमाणे नाही." येवल्याच्या टाकापुढे लिहिलंय की तो कुणी नेला आणि का. आणि आता घेताना मी दुकानदाराला पूर्वीपेक्षा जास्त छळते: कुणाच्या घरचं, कोण घेऊन आलं, डब्यात आणखी काय होतं. तो वैतागतो. सांगता येईल तेवढं सांगतो.

वीर घेणं मी बंद केलंय. अन्नपूर्णा घेते. यातला फरक मला कुणाला पटवून देता येणार नाही. अन्नपूर्णाही कुणाच्या तरी घरची माणूसच होती. एवढंच म्हणेन की तिला न्यायला आजवर कुणी आलं नाही. कुणी आलं तर सगळ्या पंचावर मांडेन, आणि ती बाई जी उचलेल ती देईन. वही दाखवेन का, ते अजून ठरलेलं नाही.