सिस्टम व्हीएमची इमेज घरी बांधताना

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी राहून मी पुण्यातील एका कंपनीच्या खासगी क्लाउडची देखभाल करतो. तो अपाचे क्लाउडस्टॅक या क्लाउड चालवणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. सिट्रिक्सने २०१२ मध्ये अपाचे फाउंडेशनकडे सोपवलेली ही प्रणाली. ग्राहकांच्या मशीनखेरीज तिची स्वतःचीही काही व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभारलेली संगणकसदृश मशीन असतात; त्यांनाच सिस्टम व्हीएम म्हणतात. एक टेम्पलेट (मशीन उभारायच्या तयार इमेज) आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रती) यांची ने-आण करते, दुसरे ब्राउझरमध्ये कन्सोल दाखवते, आणि नेटवर्कमध्ये पत्ते वाटण्याचे व फायरवॉल सांभाळण्याचे काम व्हर्च्युअल राउटर करतो. ही सारी डेबियन या लिनक्स प्रणालीच्या एकाच तयार इमेजमधून, म्हणजे डिस्कच्या साच्यातून उभी राहतात, आणि ती इमेज वापरणाऱ्याने स्वतः बांधावी की नाही, हा आमच्याकडे बरेच दिवस वादाचा विषय होता.

मीही आधी 'नाही' म्हणणाऱ्यांपैकीच होतो. प्रत्येक मशीनवर लॉग गोळा करणारा एजंट हवा, असा सुरक्षा विभागाचा नियम आला, तेव्हा मी होस्टवरून, म्हणजे ही मशीन ज्यावर चालतात त्या सर्व्हरवरून, ३९२२ या पोर्टने एकेका राउटरमध्ये शिरून तो हाताने बसवला. पुढे एका सहकाऱ्याने नेटवर्क 'क्लीनअप'सह रीस्टार्ट केले. त्या पर्यायात जुना राउटर पाडून मूळ इमेजमधून नवा उभारला जातो, त्यामुळे माझा एजंटही त्याच्याबरोबर गेला आणि ही गोष्ट थेट तपासणीतच उघड झाली. जे मशीन केव्हाही मोडून पुन्हा घडवता यावे अशाच हिशेबाने बनवले आहे, त्यात हाताने केलेली डागडुजी टिकेल, ही अपेक्षाच चुकीची होती.

इमेज बांधण्याची सोय मूळ कोडमध्येच आहे. २०१८ च्या ४.११ आवृत्तीपासून हे काम पॅकर हे इमेज बनवणारे साधन करते: तो डेबियनची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची डिस्क-फाइल उतरवतो, आधी लिहून ठेवलेल्या उत्तरांच्या फाइलवरून इन्स्टॉल करतो आणि मग एकामागून एक शेल स्क्रिप्ट चालवतो. मला त्यांत फक्त एजंटच्या ओळी घालायच्या होत्या. रात्री साडेअकराला बिल्ड, म्हणजे इमेज बांधण्याचे काम, सुरू केला आणि अर्ध्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली. अंगणातून बाबांचा आवाज आला, "लाइन गेली रे, झोप आता." सकाळी पॅकर थेट चालवला, तर आउटपुटची डिरेक्टरी आधीच अस्तित्वात आहे म्हणून तो अडून बसला, 'फोर्स' दिल्यावरच पुढे सरकला.

या स्क्रिप्टमधली शेवटच्या टप्प्यातली एक पायरी मला विशेष आवडते. डिस्कवरील रिकामी जागा ती शून्यांनी भरते, म्हणजे पुसलेल्या फाइलींचे अवशेष उरत नाहीत आणि इमेज चांगली आवळली जाते. ऑफिसच्या जलद इंटरनेटवर हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही, पण ती आवळलेली इमेजसुद्धा आमच्या गावातून पुण्याला चढवणे म्हणजे रात्रभराचे काम होते आणि दोनदा ते मध्येच तुटले.

त्यामुळे आता मी इमेज पाठवतच नाही. स्क्रिप्ट गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात असतात आणि बिल्ड पुण्यातल्या सर्व्हरवर होतो. क्लाउडस्टॅकच्या नव्या आवृत्तीला सहसा नवी सिस्टम व्हीएम इमेज लागते, म्हणजे प्रत्येक अपग्रेडला आपले बदल पुन्हा जुळवणे आले. ज्यांची याला तयारी नसेल, त्यांनी प्रकल्पाची तयार इमेजच वापरावी, असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय काही बिघडले की मदत करणारा पहिला प्रश्न विचारतो तो टेम्पलेट कोणते याचाच.

परवा दारव्ह्याच्या बसस्टँडवर बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एजंटच्या नव्या आवृत्तीचा सात ओळींचा बदल पाठवला. बिल्ड पहिल्याच पायरीवर पडला, कारण डेबियनचे पुढचे पॉइंट रिलीज (दुरुस्त्यांची छोटी आवृत्ती) निघाल्यामुळे जुनी आयएसओ आर्काइव्हमध्ये हलवली गेली होती. पत्त्याची एक ओळ बदलली. फाइल तीच आहे हे तपासण्याचा आकडा, चेकसम, तोच राहिला. बस यायला अजून वेळ होता.