मानाचं पान, ४ के

गेटवरचं यंत्र एरवी बोर्डिंग पास दाखवला की बारीकसं टुक करतं आणि हिरवा दिवा लावून आपल्याला सोडतं. त्या रात्री ते केकाटलं आणि लाल झालं. माझ्या पोटात गोळा आला. २०११ साल, सहारचा विमानतळ, रात्रीचा दीड. व्हिसात काही घोळ निघाला, की बॅगेतल्या सेन्सरच्या वायरी पाहून कुणाला भलताच संशय आला? काउंटरवरच्या मुलीने मात्र हसून छोट्या प्रिंटरमधून एक चिठ्ठी फाडली, माझ्या पासवरचा सीट नंबर पेनाने खोडला आणि चिठ्ठी हातात ठेवली. ४ के. बिझनेस क्लास.

मागे साहेब उभे होते. गळ्यात फुगवायची उशी, हातात पास. ३४ ई. मधली सीट.

हे असं का झालं ते मला माहीत होतं, साहेबांना नव्हतं. विमान कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, कारण काही लोक ऐनवेळी येतच नाहीत. एखाद्या रात्री सगळेच आले की इकॉनॉमीत माणसं मावत नाहीत, मग काहींना पुढच्या वर्गात ढकलावं लागतं. कुणाला, हे ठरवताना कंपनी नेहमीच्या प्रवाशांना देते ते कार्ड बघतात. आणि कार्ड माझ्याकडे होतं. मशीन बसवायला, चालू करून द्यायला, बिघडलं की पुन्हा बघायला, असं करत मी वर्षाला सहा-सात वेळा जर्मनीला जायचे. साहेब वर्षातून एकदा, शेवटच्या मीटिंगला, हात मिळवायला. विमान कंपनीच्या लेखी मी मोठी होते आणि ते कुणीच नव्हते. आमच्या ऑफिसात याच्या बरोब्बर उलट.

त्या दिवशीचा आमचा क्रम तोवर अगदी सुरळीत चालला होता. पुण्याहून निघताना साहेब मागे डावीकडे बसले आणि मी ड्रायव्हरशेजारी. एसी किती ठेवायचा ते साहेबांनी ठरवलं. एक्स्प्रेसवेवर फूड मॉलला थांबायचं की नाही तेही त्यांनीच. मी फक्त चहाचे पैसे दिले आणि बिल जपून ठेवलं, कारण खर्चाचा फॉर्म दोघांचा मीच भरणार होते. हे कुणी कुणाला शिकवलेलं नसतं. नोकरीला लागल्यावर सहा महिन्यांत अंगात मुरतं. लिफ्टचं दार कुणी धरायचं, मीटिंगमध्ये शेवटचं बिस्कीट कुणी उचलायचं नाही, सगळं.

तर मी चिठ्ठी पुढे केली. ‘‘सर, तुम्ही बसा ना तिथे.’’

‘‘छे छे, अगं तुझं नशीब ते,’’ असं साहेब म्हणाले. तोंड असं म्हणत असताना त्यांचा उजवा हात पुढे आला आणि दोन बोटांनी ती चिठ्ठी अलगद उचलली. लग्नात आहेराचं पाकीट घेताना लोक जसं ‘कशाला, कशाला’ म्हणत घेतात, तसं.

पण काउंटरवरची मुलगी मध्ये पडली. सीट मॅडमच्या नावावर आहे, इथे बदलता येणार नाही, आत गेल्यावर पर्सरला, म्हणजे हवाई सेवकांच्या प्रमुखाला, विचारा. पर्सर बाईंनी माझ्याकडे एकदा, साहेबांकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, उड्डाणानंतर बघू. त्यामुळे मला साधारण चाळीस मिनिटं ४ के मिळाली. पाय लांब केले तर पुढे काहीच लागत नव्हतं. काचेच्या ग्लासात संत्र्याचा रस आला, गरम ओला रुमाल आला. रुमालाचं काय करतात ते शेजारच्या गृहस्थांचं बघून केलं. मग पट्ट्याचा दिवा विझला. मी उठले, चपला घातल्या आणि पडद्याच्या पलीकडे निघाले. वाटेत साहेब भेटले. त्या अरुंद बोळात आम्ही एकमेकांना वाट देताना जो काही नमस्कारवजा प्रकार झाला, तो आठवला की मला अजून हसू येतं.

एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. मी शाकाहारी, आणि माझ्या तिकिटावर शाकाहारी जेवण लिहिलेलं. ते माझ्या नावाबरोबर ४ के वर पोचलं होतं. साहेब रविवारी मटणासाठी कॅम्पात रांग लावणारा माणूस. त्यांच्यापुढे पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पनीर आलं आणि त्यांनी, तक्रार करणं शोभत नाही म्हणून, ते खाल्लं. हे मला दुसऱ्या दिवशी हॉटेलातल्या नाश्त्याला कळलं, जेव्हा त्यांनी प्लेटमध्ये चार सॉसेज वाढून घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘‘तुमच्या त्या पनीरला काही चव नसते हं.’’

मला राग आला होता का? तेव्हा नाही. राग चार दिवसांनी आला. दोघांनी मिळून नऊ तास प्रवास केला, आणि उतरल्यावर मशीनखाली वाकून अलाइनमेंट करायचं काम मान आखडलेल्या माणसाकडे होतं. झोपायची गरज कुणाला होती हा प्रश्न कुणाच्या डोक्यातही आला नाही. माझ्याही नाही. बिझनेस क्लास हे नाव कामासाठी जाणाऱ्यांवरून पडलं म्हणतात, पण तिथे काम करणारा माणूस बसतो असं काही नाही.

पुढे मी या प्रकाराचं थोडं वाचलं, आणि गंमत म्हणजे हा वर्ग जन्मालाच मुळी रुसव्यातून आला. सत्तरच्या दशकात तिकिटं स्वस्त झाली, सवलतीवाले पर्यटक विमानात भरू लागले. पूर्ण भाडं भरून कामाला जाणारा माणूस त्यांच्याच शेजारी, तसल्याच सीटवर. तो कुरकुरला. मग कंपन्यांनी त्याला वेगळं बसवायला सुरुवात केली. पहिला बिझनेस क्लास आपला, १९७९ सालचा, असं ऑस्ट्रेलियाची क्वांटास सांगते. म्हणजे आधी आला मानपान, आणि मग लांब होणाऱ्या सीटा. आपल्याकडच्या वरपक्षाला हे कुणी समजावून सांगायला नको. पहिल्या पंगतीत कोण, कुणाच्या पानाभोवती रांगोळी, कुणाला आधी आग्रह, यावरून आपल्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत. पुण्यात तर विसर्जनाला देवही क्रमाने निघतात. कसबा आधी, मग तांबडी जोगेश्वरी, मग बाकीचे. तुळशीबागेने ‘आज आमचं अपग्रेड झालंय’ म्हणून पुढे घुसायचं म्हटलं तर लक्ष्मी रोडवर काय होईल?

आणि दख्खनची राणी. १९३० साली सुरू झाली तेव्हा तिला फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग जोडायला १९५५ उजाडलं. म्हणजे पंचवीस वर्षं पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या साध्या माणसाने ती गाडी फलाटावरून बघायची.

सरकारी खात्यात या बाबतीत निदान आडपडदा नाही. २०१७ च्या आदेशात सगळं लिहून ठेवलंय. केंद्र सरकारी नोकर पगाराच्या चौदाव्या किंवा त्यावरच्या पातळीवर असेल तर विमानात बिझनेस क्लास, सहा ते तेरा इकॉनॉमी, पाच आणि त्याखाली रेल्वे. उंची, गुडघेदुखी, उतरल्यावर काय काम आहे, यातलं काही त्यात विचारत नाहीत. २००९ मध्ये काटकसर म्हणून मंत्र्यांनाही इकॉनॉमीने जायला सांगितलं, तेव्हा त्यांच्यातलेच एक, शशी थरूर, ट्विटरवर ‘कॅटल क्लास’, म्हणजे गुरांचा वर्ग, म्हणून बसले आणि केवढा गहजब झाला. मला त्यातलं एवढंच आठवतं की आमच्या कँटीनमध्ये सगळे चिडले होते, आणि आमच्यापैकी अर्ध्यांनी तोवर विमानाची पायरी चढलेली नव्हती.

आता मी स्वतः ‘मॅम’ झाले आहे. दोन वर्षांपूर्वी टीममधल्या एका मुलीबरोबर त्याच मार्गाने निघाले. कॅबमध्ये ती माझ्याशेजारी मागेच बसली, हेडफोन लावून. मला एक क्षण ड्रायव्हरशेजारची रिकामी सीट दिसली आणि मी स्वतःलाच गप्प केलं. विमानतळावर कॉफी पिता पिता ती म्हणाली, ‘‘मॅम, मी माझे माइल्स वापरून अपग्रेड केलंय. चालेल ना?’’

या ‘चालेल ना’चा मी नंतर बराच कीस पाडला. मी केलं होतं ते ‘तुम्ही बसा ना’. तिचं ‘चालेल ना’. दोन्हीकडे शेवटी ‘ना’च आहे, पण मध्ये एक अख्खी पिढी गेली. माइल्स, म्हणजे विमानप्रवासाचे साठलेले गुण, तिचे, प्रवास तिने केलेले, सुट्टीच्या दिवशी विमानतळावर झोपा तिने काढलेल्या. न चालायला मी कोण?

‘‘अगं, चालेल काय विचारतेस! मस्त झोप,’’ मी म्हटलं. अगदी मोकळेपणाने म्हटलं. आणि मग गेटवर तिचा गट आधी पुकारला, ती हात हलवून पुढे गेली, आणि मी पाचव्या गटाच्या रांगेत माझी बॅग पायाने पुढे सरकवत उभी राहिले तेव्हा छातीत काहीतरी बारीक टोचलं. खोटं कशाला सांगू. ‘तुम्ही बसता का तिथे’ असं तिने एकदा तरी विचारायला हवं होतं असं वाटलं. मी नाहीच म्हटलं असतं. पण नाही म्हणण्याचा मान मला मिळायला हवा होता की नको?

मध्यरात्री केव्हातरी पडदा सरकवून ती आली. पाय आखडले म्हणून फेरी मारायला आले म्हणाली, आणि माझ्या मांडीवर बिझनेस क्लासात मिळणाऱ्या मोज्यांची जोडी ठेवली. ‘‘तुम्हाला थंडी वाजते ना मॅम.’’ मोजे करड्या रंगाचे, जाड. मी ते घातले. फ्रँकफर्टच्या हॉटेलातही घातले.

गेल्या वर्षी साहेबांच्या मुलीचं लग्न झालं. साहेब निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आता ते मला ‘अहो’ म्हणतात, ते ऐकायला फार विचित्र वाटतं. बुफेच्या रांगेत आम्ही ताटं घेऊन पुढेमागे होतो. पनीरच्या भांड्यापाशी त्यांनी डाव थांबवला आणि विषय त्यांनीच काढला.

‘‘ती फ्रँकफर्टची रात्र आठवते का हो? तुमची सीट?’’

‘‘आठवते ना. छान झोप लागली असेल तुम्हाला.’’

‘‘झोप कुठली!’’ त्यांनी मागे वळून व्याही ऐकत नाहीत ना ते पाहिलं. ‘‘तो पलंग कसा उघडतात तेच कळेना. आजूबाजूला सगळे आडवे. ती बाई दोनदा विचारायला आली, मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, एवढा साहेब माणूस, विचारणार कसं? रात्रभर ताठ बसून होतो.’’

‘‘सर, हाताशी बटण होतं. डावीकडे.’’

साहेबांनी माझ्या ताटात पनीर वाढलं.

‘‘मग तेव्हा का नाही सांगितलंत?’’