वाइनवही, बैठक सातवी: मे महिना, तीन दमदार लाल आणि बर्फाची बादली

परवा मागच्या सहा बैठकींच्या नोंदी सलग वाचून काढल्या आणि एक गोष्ट डाचली. जानेवारीच्या पानांवर जांभूळ, मिरे, चिंचेचा कोळ असे शब्द आहेत. एप्रिलच्या पानांवर मात्र जवळजवळ प्रत्येक लाल वाइनपुढे एकच शेरा: नाकात झणका, घशाशी जाळ. त्यांतल्या दोन वाइन तर दोन्ही वेळा त्याच होत्या. बदललं होतं ते फक्त आमच्या पुण्याच्या घरातलं तापमान.

'लाल वाइन रूम टेम्परेचरला प्यावी' हे वाक्य आपण सगळेच कुठून तरी उचलतो. ती रूम युरोपातली, दगडी भिंतींची, १६ ते १८ अंशांची. आमच्या जेवणाच्या टेबलावर उभ्या बाटलीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर बुडवला तर ३२.

म्हणून या वेळी तुलनेआधी एक खोडी काढली. ग्रोव्हरची 'ला रिझर्व्ह' (नंदी हिल्सची, कॅबर्ने आणि शिराझ या द्राक्षांचं मिश्रण) एकच बाटली, तीन पेले: ३२ अंश, १७ अंश, १० अंश. चाखायला बायको, शेजारचे काका आणि कॉलेजचा एक मित्र. गारव्यातला फरक हाताला कळणारच होता, पण बाटली एकच आहे हे सांगितलं नाही. काकांनी ३२ वाला पेला हुंगून लांब धरला. "यात रम घातलीस का रे?" १० वाला बायकोला आवडला नाही. "वास काहीच नाही, आणि नंतर कच्ची सुपारी चघळल्यासारखं." १७ वाल्याला तिघांनीही पहिला नंबर दिला, आणि मित्राने तर ही कितीची आहे म्हणून भावही विचारला!

कारण फार गूढ नाही. उष्णतेने अल्कोहोल भराभर उडतं आणि फळाचा वास त्याखाली दबतो. फार गार केली तर वास वरच येत नाहीत, आणि टॅनिनचा (द्राक्षाच्या सालीबियांतल्या द्रव्याचा) तुरटपणा जास्त टोचतो. थोडक्यात, एप्रिलमध्ये मी वाइनला नव्हे, उन्हाळ्याला गुण देत होतो. ती पाने खोडत नाही, पण त्यांवर पेन्सिलने '३२?' लिहून ठेवलंय.

आता गार करायचं कसं. 'प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये' हा सल्ला २२ अंशांच्या घरांसाठी आहे. माझ्याकडे ३२ वरून १७ वर यायला फ्रिजला जवळपास दोन तास लागले. बादलीत बर्फ आणि पाणी घालून बाटली बुडवली तर पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. नुसता बर्फ नको, कारण खड्यांच्या मधे हवा राहते. पाणी बाटलीला चहूबाजूंनी धरतं. पेल्यात ओतल्यावर ती पुन्हा तापायला लागते, म्हणून मी १५ ला काढतो आणि एका वेळी ५० मिलीच ओततो.

मग मुख्य तुलना. लेबल दिसू नये म्हणून तीन बाटल्यांना पायमोजे चढवले आणि नंबर टाकले. सुलाची 'रासा' शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीची 'सेत्ते' (सांजोव्हेजे आणि कॅबर्ने द्राक्षांची, सेत्ते म्हणजे इटालियनमध्ये सात) आणि अर्जेंटिनातल्या मेंडोझाचा एक माल्बेक (हेही द्राक्षाचंच नाव). थुंकायला स्टीलचा तांब्या ठेवला होता. "पैसे मोजून आणलेलं थुंकायचं?" असं म्हणून काकांनी तो बाजूला सारला, त्यामुळे तिसऱ्या पेल्यानंतरचे त्यांचे गुण धरलेले नाहीत.

रासा: पिकलेलं जांभूळ, मागून मिरे, थोडा धूर. गंमत म्हणजे मित्राला मिरे सापडेचनात. हुंगून हुंगून थकला. दोष त्याचा नाही. शिराझमधला तो वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, तेच द्रव्य काळ्या मिऱ्यातही असतं, आणि साधारण पाचातल्या एकाला ते जवळजवळ जाणवतच नाही. तुमच्या गटात कुणी मिऱ्यावरून वाद घालत असेल तर आधी हे तपासा.

सेत्ते: रात्रीतली सर्वांत कडक. आंबटपणाही चढा आणि तुरटपणाही. नवी मंडळी इथे गोंधळतात, पण मराठी जिभेला गोंधळायचं कारण नाही. चिंचेने तोंडाला पाणी सुटतं तो आंबटपणा. कच्च्या केळ्याने जीभ जाड होते तो तुरटपणा, म्हणजे टॅनिन. घोट गिळून जीभ हिरड्यांवरून फिरवायची, खरखर लागली की समजायचं.

माल्बेक: गडद रंग, मऊ टॅनिन, मनुका. काकांचा आवडता (दुसराच पेला होता, म्हणून ग्राह्य). मला जरा सरळसोट वाटला.

माझा क्रम सेत्ते, रासा, माल्बेक. बायकोचा नेमका उलटा.

जेवणात मटण होतं. तांबड्या रश्श्याबरोबर सेत्ते म्हणजे भांडण: तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात, वर टॅनिन. पांढऱ्या रश्श्याच्या घोटानंतर तीच वाइन एकदम नरम लागली. नारळाच्या दुधाची चरबी आणि मीठ तुरटपणा बोथट करतात. हे मला आजवरच्या सगळ्या जोड्यांमधलं सर्वांत पटलेलं.

एक चौथी बाटलीही होती, तिचा निकाल नाही. दुकानात काचेमागे उन्हात उभी असलेली घेतली, चूक माझीच. बूच अर्ध्या सेंटिमीटरने वर आलेलं, आत शिजवलेल्या मनुकांचा वास. रश्श्यातही घातली नाही.

उरलेली अर्धी सेत्ते बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. आज १७ ला आणून चाखली: खरखर कमी, फळ थोडं पुढे. उद्या तळाशी दोन पेले उरतील, ते बायकोला नंबर न सांगता देणार आहे.