आधी फोटो, मग इमारत

रेंडर, म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतीचं संगणकावर बनवलेलं चित्र, जागेच्या खऱ्या फोटोत बसवायचं काम आलं की मी पहिल्यांदा फोटोची मूळ फाइल मागते. कॅमेऱ्यातून निघाली तशीच. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून फोकल लेन्थ (लेन्स किती रुंद बघते ते ठरवणारा मिमीतला आकडा), तारीख, वेळ ही सगळी माहिती गळून गेलेली असते. क्रॉप केलेला फोटो तर आणखी त्रास देतो, कारण लेन्सचा मध्य चित्राच्या मध्यावर राहत नाही आणि थ्रीडीतला कॅमेरा मात्र तो मध्यावरच आहे असं धरून चालतो.

फोकल लेन्थ एकटी कामाची नाही, सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी पट्टी, केवढा तेही कळायला हवं. फुल फ्रेमवर, म्हणजे 36 मिमी रुंद सेन्सरवर, 50 मिमी लेन्स आडवं सुमारे 40 अंश बघते. तीच लेन्स 1.5 क्रॉपच्या, म्हणजे दीडपट लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर जेमतेम 27 अंश. क्रॉपचा फोटो फुल फ्रेमचा धरला तर इमारत खऱ्यापेक्षा लहान दिसते, आणि ही चूक कुणाच्या तरी सोयीची असू शकते! म्हणून मी ताळा करतेच. कॅमेरा जमिनीपासून 1.6 मीटरवर असेल आणि जमीन सपाट असेल, तर क्षितिजरेषा जवळच्या-लांबच्या प्रत्येक गोष्टीला 1.6 मीटरवरच कापते. उभ्या माणसाच्या साधारण डोळ्यांपाशी, आणि 2.1 मीटरच्या दाराच्या पाऊण उंचीवर. माझ्या इमारतीचं दार त्या रेषेला पाऊण उंचीवर भेटत नसेल तर मी मटेरियलला, म्हणजे भिंती-काचांच्या रंग-पोताला, हातही लावत नाही.

सूर्य तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांशावरून बसतो, पण कॅमेऱ्याच्या घड्याळावर माझा भरवसा नाही. फोटोतल्या एखाद्या खांबाची सावली मी मॉडेलमध्ये उभी करून जुळवते. मग सावलीची कड. सूर्य आकाशात सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे 10 मीटर लांबून पडलेल्या सावलीची कड 9-10 सेंटीमीटर तरी विरघळते. ऊन तिरपं असेल तर त्याहून जास्त. गच्चीच्या कठड्याची सावली ब्लेडने कापल्यासारखी आली, की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण चित्र खोटं वाटतं.

लोक सर्वाधिक वेळ काचेच्या रिफ्लेक्शनवर घालवतात. माझ्या मते तो वेळ काळ्या रंगावर घालवावा. फोटोत तेवढ्याच अंतरावरच्या जुन्या इमारतीची सर्वांत गडद खिडकी आयड्रॉपरने, म्हणजे रंग मोजायच्या टूलने, उचला. ती काळी नसतेच, मधल्या हवेमुळे निळसर राखाडी झालेली असते. रेंडरमधला काळा त्या पातळीपर्यंत उचलला की इमारत एकदम मागे जाऊन उभी राहते. झेड-डेप्थ पास, म्हणजे प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब ते सांगणारं रेंडरसोबतचं चित्र, असेल तर लांबच्या भागावर हे थोडं जास्त करता येतं.

कडांना काळी रेघ दिसली तर बहुतेक वेळा अल्फाचा, म्हणजे चित्राचा कुठला भाग किती पारदर्शक त्या माहितीचा, घोळ असतो. 1984 मध्ये पोर्टर आणि डफ या संगणकतज्ज्ञांनी कॉम्पोझिटिंगचं, म्हणजे एका चित्रावर दुसरं बसवण्याचं, जे गणित मांडलं, त्यात रंग आधीच अल्फाने गुणलेला असतो. अशी फाइल न गुणलेली समजून उघडली की ती रेघ येते. ब्रशने पुसत बसू नका, इंपोर्टची सेटिंग बदला.

आणि झाडं. आकाशासमोरच्या पानांच्या कडेत आकाशाचा उजेड मिसळलेला असतो. मागे गडद भिंत आली की प्रत्येक पानाला पांढरी झालर दिसते. मी फोटोच्या निळ्या चॅनलवरून मास्क (झाड कुठे आणि आकाश कुठे ते वेगळं करणारा साचा) काढते आणि कडांना पानांचाच रंग भरते. काम किचकट आहे. त्यावर 'झाडच काढून टाका' ही सूचना ठरलेली. मी काढत नाही. तारा, खांब, शेजारच्या भिंतीचा ओलावा, काहीच काढत नाही. हे चित्र बघून शेजारी हरकत घ्यायची की नाही ते ठरवतात, त्यांच्या खिडकीतलं आकाश किती उरणार ते बघतात. ब्रिटनच्या लँडस्केप इन्स्टिट्यूटने 2019 च्या मार्गदर्शक टिपणात अशा चित्रांसाठी फुल फ्रेम आणि 50 मिमीचा आग्रह धरलाय. वाइड लेन्सने लांबची इमारत आक्रसते, हे त्यामागचं उघड कारण.

शेवटी रेंडरवर फोटोइतकाच ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, आणि फोटोइतकाच मऊपणा. देताना मूळ फोटो आणि कॉम्पोझिट, दोन्ही एकाच मापात, एकाखाली एक. नुसतं कॉम्पोझिट मागितलं तरी मी जोडीच पाठवते.